पहाटेची गस्त

दरोड्याची बातमी गावात जायच्या आधी आमच्या दारात यायची, कारण दारात पिठाची गिरणी होती. घोटावड्याहून माणकडे जाताना मध्येच आत वळलं की आमचं गाव, आणि गावात शिरायच्या आधीच अब्बांची गिरणी. तेलावर चालणारं इंजिन, पत्र्यातून वर काढलेलं त्याचं धुराडं, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं: अब्बा, अम्मा, मी आणि माझा धाकटा भाऊ. बाया दळण घेऊन यायच्या, पाळी येईपर्यंत भिंतीला टेकून बसायच्या आणि इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायच्या. कुठल्या वस्तीवर काय झालं ते त्यामुळे पोलीस पाटलांच्या आधी मला कळायचं. मी बारा-तेरा वर्षांची होते आणि माझे कान फार तिखट होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा तो दुष्काळ. आमच्या मुळशीत पाऊस कमी झाला तरी अगदीच पाठ फिरवत नाही. भातं थोडीफार आली होती. पण पूर्वेकडून माणसं कामाच्या शोधात येत होती, आणि अनोळखी चेहरा दिसला की गाव दचकत होतं. त्यातच डोंगरापलीकडच्या एका वस्तीवर दरोडा पडला. म्हाताऱ्याच्या डोक्यात पहार घातली, सुनेच्या कानांतलं ओरबाडून नेलं. थोड्या दिवसांनी आणखी एका वस्तीवर तेच. गिरणीत ही गोष्ट रोज थोडी फुगायची. चार माणसं होती ती आठ झाली, मग ती घोड्यांवरून आली, मग त्यांच्यात एक बाईही होती. आमच्या बांधांवरून घोडा कोण आणतोय, असं अब्बा हसून म्हणायचे, पण रात्री दाराचा अडसर दोनदा चाचपून बघायचे.

घरोघर बंदोबस्त सुरू झाला. अम्मानं मिरचीपूड वाटीत काढून दाराजवळच्या कोनाड्यात ठेवली. भावानं त्यात बोट घालून ते डोळ्याला लावलं, आणि दरोडेखोर यायच्या आधीच आमच्या घरात बोंबाबोंब झाली. मागच्या दाराशी पितळी भांड्यांची उतरंड रचली, म्हणजे कुणी दार ढकललं तर भांडी कोसळून जाग येईल. ती मांजरानं पाडली आणि अब्बा कोयता घेऊन अंगणात धावले. आज हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा घरात कुणी हसलं नव्हतं. भीतीची एक वाईट गोष्ट अशी की ती माणसाला आधी येडं करते आणि शहाणं करायचं विसरून जाते.

बायकांनी अंगावरचं उतरवलं. कुणी भाताच्या कणगीत खुपसलं, कुणी चुलीमागे पुरलं. फक्त ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या काकींच्या कानांत बुगड्या तशाच होत्या. काका-काकी दोघंच त्या मळ्यात राहायची. त्यांची एकुलती एक लेक नांदे गावात दिलेली. आमच्या गिरणीपासून त्यांचं घर हाकेच्या अंतरावर, पण गावापासून तुटलेलं. बुगड्या काकींच्या लग्नातल्या. त्यांच्याभोवती कान इतके घट्ट झाले होते की सोनाराकडे गेल्याशिवाय त्या निघणार नव्हत्या. अम्मानं दोनदा टोकलं. काकी म्हणाल्या, "भातकापनी चाललीया, आता सोनाराकडं कोन जातंय? दिवाळी झाली की बघू." अम्मालाही ते पटलं. कापणीच्या दिवसांत कुणालाही पटलं असतं.

मग पोलीस पाटलांनी चावडीत माणसं गोळा केली आणि गस्त बसवली. पोरांच्या जोड्या पाडल्या. काठ्या, गोफणी, दोन बॅटऱ्या आणि एक कंदील. शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो काढून आमच्या गिरणीसमोरच्या चिंचेला टांगला, कारण गावात येणारी वाट तिथूनच जायची. ठरलं असं की फेरी झाली की एक टोल द्यायचा, म्हणजे सगळं ठीक आहे. आणि काही दिसलं तर थांबायचं नाही, बडवत सुटायचं.

गस्तीचे पहिले काही दिवस बरे गेले. पुढे पोरं पेंगायला लागली. दिवसभर भात कापायचं आणि रात्रभर गाव राखायचं, हे कुणाला जमणार होतं? पहाटेच्या वेळेला तर उभ्याउभ्या झोपायची. नेमका तेव्हाच रमजान लागला. पाटील गिरणीत आले, पोत्यावर बसले आणि अब्बांना म्हणाले, "चाचा, तुमच्याकडं पहाटं जेवान असतंय न्हवं? माणसं जागीच असत्यात. मग म्हैनाभर पहाटची गस्त तुमीच घ्या की. तुमच्या घरात दिवा दिसला की पोरं घरला जातील."

अब्बांनी क्षणभरही विचार केला नाही. "घेतो की," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी इंजिन बंद केल्यावर पट्टा पुसताना शीळ घातलेली मला आठवते. अब्बा शीळ घालणाऱ्यातले नव्हते.

त्यांना एवढं काय वाटलं ते मला नंतर कळलं. आमच्या चार पिढ्या त्या गावात. घरात आम्ही गावाचीच मराठी बोलायचो, आणि अजूनही पुण्यात कुणी मला कौतुकानं म्हणतं की तुम्ही मराठी किती छान बोलता, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गावात मात्र असं कुणी म्हणत नसे. गावात आम्ही होतोच. फक्त गावाच्या कामात आम्हाला कुणी बोलवत नसे, एवढंच. जत्रेची वर्गणी न्यायला यायचे, पण पालखीची वाट ठरवायला अब्बांना विचारायचं कारण नव्हतं. यात कुणाच्या मनात वाईट होतं असंही नाही. आणि आता गावानं आपली झोपच अब्बांच्या हातात दिली होती. त्या महिन्यात त्यांना दुसरं काही नको होतं. आपल्या पाळीत गावाचं वाकडं होऊ नये, एवढंच.

गस्तीच्या पोरांकडे घड्याळ नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरातला दिवा हेच त्यांचं घड्याळ. अम्मा उठायची, दिवा लावायची, भाकरी थापायची. तो उजेड चिंचेपर्यंत पडायचा. पोरं तो बघून काठ्या खांद्यावर टाकून घराकडे निघायची. आम्हाला हाक मारायची गरज नसायची. अब्बा दोन घास खाऊन बाहेर पडायचे, गावाच्या कडेनं, मळ्याच्या बांधावरून फेरी मारायचे आणि परत येऊन रुळावर टोल द्यायचे. पाणी पिऊन रोजा धरायचे, नमाज पढायचे, आणि उजाडलं की दुसरा टोल. मी अर्धवट झोपेत भाकरी चावत तो आवाज ऐकायचे. दळणाला आलेल्या बाया म्हणायच्या, "चाचांचा टोल पडला की मग खरी झोप लागतीया." अब्बा वर न बघता पिठात हात फिरवत राहायचे. पण त्यांना ते ऐकू गेलेलं असायचं.

त्या वर्षी दिवाळी रमजानच्या शेवटाला आली. अमावस्येला तुमचं लक्ष्मीपूजन, आणि पुढची कोर दिसली की आमची ईद. दिवाळीत सगळं गाव पहाटेच उठलेलं. आम्ही सहरीला, पहाटेच्या जेवणाला बसलेलो आणि बाहेर उटण्याचा वास, पोरांचे फटाके, चुलाणावर तापणारं पाणी. अब्बा म्हणाले, आता तर सगळं गावच गस्त घालतंय. फराळाची ताटं आमच्याकडे आली ती अम्मानं रोजा सोडायच्या वेळेसाठी झाकून ठेवली. काकींनी चकल्या पाठवल्या होत्या. ते दोन-तीन दिवस कुणाला भीती वाटली नाही.

भाऊबिजेच्या संध्याकाळी चांद दिसला. डोंगरावर, नखाएवढा. भावानं आधी बघितला आणि बोंब ठोकत गावभर सांगून आला. अब्बा गिरणीच्या पायरीवर उभे होते. पाटील बैल घेऊन समोरून चालले होते.

"चाचा, म्हंजी उद्या तुमचा सण म्हनायचा."

"व्हय पाटील. सकाळी या शीरखुर्म्याला."

"येतो की. न येऊन सांगतो कुनाला."

बोलणं एवढंच झालं. ते मी इतक्या वेळा मनात उलटसुलट केलं आहे की त्यातला एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही. पाटील पुढे गेले आणि अब्बा आत आले, आणि दोघांच्याही डोक्यात पुढच्या पहाटेचा बंदोबस्त पक्का झालेला होता. अब्बांनी धरलं की उद्या रोजा नाही, सहरी नाही, त्यामुळे गस्तीची पोरं उजाडेपर्यंत थांबतील. पाटलांनी धरलं की उद्या तर चाचांचा सण, मग सगळं घर आणखी लवकर उठेल. त्यांच्या घरात सण म्हणजे पहाटेची आंघोळ. दोनच दिवसांपूर्वी ते स्वतः अंधारात उठून उटणं लावून बसले होते. सणाच्या दिवशी कुणी निवांत झोपतं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि ईदीला रोजा नसतो हे ज्याला माहीत नाही असा माणूस आपल्या गावात असेल, हे अब्बांच्या स्वप्नात आलं नसतं.

त्या रात्री अम्मा उशिरापर्यंत जागी होती. शेवया भाजायच्या, खोबरं कातायचं, खारका चिरायच्या, मोठं पातेलं घासायचं. गावातल्या प्रत्येक घराची वाटी त्या पातेल्यातून जायची. मी थोडा वेळ मदत केली आणि तिथेच पाटावर डोकं टेकून झोपले. दिवा कधी विझला, अम्मानं मला कधी उचलून आत नेलं, काही कळलं नाही. अब्बाही झोपले. महिनाभराची अर्धी झोप साचली होती.

पहाटेच्या नमाजाला अब्बा उठले तेव्हा ओढ्यापलीकडून आवाज येत होता. त्यांना आधी वाटलं, कुत्रं कण्हतंय. मग ते धावले.

काय झालं ते मी पाहिलेलं नाही, आणि जे ऐकलं ते सगळं लिहायची माझी इच्छा नाही. मागची भिंत कुडाची होती, ती फोडून माणसं आत शिरली. काका उठून आडवे आले म्हणून त्यांच्या डोक्यात घातलं. काकींच्या बुगड्या सोनाराशिवाय निघणार नव्हत्या, पण त्या माणसांना सोनाराची गरज नव्हती. जाताना त्यांनी भाताचं एक पोतंसुद्धा उचललं नाही. काका-काकींचं कुत्रं गोठ्याजवळ मरून पडलं होतं, तोंडाला फेस होता. अब्बांनी चिंचेखाली येऊन रूळ बडवायला सुरुवात केली. गाव जागं झालं तेव्हा पूर्वेला तांबडं फुटलं होतं.

काकांना बैलगाडीत घालून रस्त्यावर नेलं आणि तिथून एका मालट्रकमधून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात. अब्बा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ईदीचा पांढरा झब्बा घालायला म्हणून काढून ठेवला होता, तो तसाच खुंटीवर राहिला. पौडला नमाजाला आमच्यातलं कुणी गेलं नाही. पातेल्यात शीरखुर्मा तयार होता. अम्मा दर ईदीला दारात वाट्या मांडून बसायची, तशी त्या दिवशीही सवयीनं बसली. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग ती उठली आणि सगळं पातेलं म्हशीच्या घमेल्यात ओतलं. 

काका तिसऱ्या दिवशी गेले.

त्यांचं सगळं आटोपल्यावर फौजदार चावडीत येऊन बसला. अब्बांना सकाळी बोलावलं ते दुपार कलली तरी सोडलं नाही. अम्मानं मला भाकरी घेऊन पाठवलं. चावडीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. काकी एका बाजूला जमिनीवर बसल्या होत्या, डोक्याला आणि कानांना पांढऱ्या पट्ट्या. अब्बा मध्यभागी उभे होते. गावानं त्यांना कधी मध्यभागी उभं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

फौजदार म्हणाला, "महिनाभर रोज उठत होतात. मग नेमकी तीच पहाट झोपून कशी काढलीत?"

"साहेब, ईदीला रोजा नसतो. पहाटंचं जेवान नसतं. म्हून उठलो न्हाई."

"गावाला सांगितलं होतं?"

"गावाला म्हाईत आसंल, आसं वाटलं मला."

पाटील खाली बघत म्हणाले, "सनाच्या दिवशी कुनी झोपून ऱ्हातं का, चाचा? आमी दिवाळीला अंधारात उठतो. तुमी त्याच्या बी आदी उठत असाल, आसं धरून चाललो आमी."

"ईदीची आंगुळ उजाडल्यावर असती, पाटील."

"आमाला काय म्हाईत."

यात पाटील खोटं बोलले नव्हते. त्यांना माहीत नव्हतं. चार पिढ्या आमच्या दारातला शीरखुर्मा त्या गावानं बोटं चाटून खाल्ला आणि त्या दिवशी पहाटे आम्ही झोपतो की उठतो हे एकालाही माहीत नव्हतं. आणि आम्हीही शहाणे. आपल्याला त्यांचं नरकचतुर्दशीपासून भाऊबिजेपर्यंत सगळं पाठ, मग त्यांना आपलं एवढंही ठाऊक असणारच, असं धरून बसलो. मला आजही ठरवता येत नाही की राग कुणाचा करावा. कधी पाटलांचा येतो, कधी अब्बांचा येतो, आणि बहुतेक वेळा दोघांचाही येतो.

गस्तीची दोन पोरं पुढे आली. त्यांनी सांगितलं की फेरी मारून चिंचेपाशी आले तेव्हा कोंबडा आरवायला वेळ होता, पण चाचांच्या स्वयंपाकघरात दिवा होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता. रोजच्यासारखंच वाटलं, म्हणून ते घरी गेले. म्हणजे आमची शेवयांची तयारी चालू असतानाच गस्त उठून गेली होती. अम्मानं दिवा विझवल्यावर गावात जागं असं कुणी उरलंच नव्हतं. टोल पडला नाही हेही कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण टोल ऐकायला जागं कोण होतं?

फौजदार कागदावर काहीतरी खरडत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "झोपलं, का झोपायचं ठरलं हुतं, कुनाला ठावं."

आवाज फार मोठा नव्हता. पण सगळ्यांनी ऐकला. मी पाटलांकडे पाहिलं. ते काहीतरी बोलतील, असं मला अगदी खात्रीनं वाटलं. ते खालीच बघत राहिले. अब्बांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या हाताची बोटं फक्त पायजम्याला पीठ पुसल्यासारखी हलत होती. हातांना पीठ नव्हतं.

तेव्हा काकी बोलल्या. पट्ट्यांमुळे त्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसावा, कारण त्या गरजेपेक्षा मोठ्यानं बोलल्या. "झोपला म्हून कुनी चोर हुत न्हाई. मालकबी झोपलेच हुते. मीबी झोपलेच हुते."

 फौजदारानं अब्बांना जायला सांगितलं. मी भाकरी तशीच घेऊन त्यांच्या मागे आले. वाटेत त्यांनी मला विचारलं, "अम्मा जेवली का?" 

गाव वाईट नव्हतं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. दळण काही आठवडे घोटावड्याच्या गिरणीत गेलं, मग हळूहळू परत आलं, कारण घोटावडं लांब पडतं. गस्त पुन्हा बसली. पण आता पहाटे दोन पोरं आमच्या गिरणीच्या पायरीवर बिड्या ओढत बसायची. अम्मा म्हणायची, "आपली राखन करत्यात बिचारी."  तोंड आमच्या दाराकडे करून कुणी आपली राखण करत नाही, हे अम्मालाही कळत होतं.

दरोडेखोर त्या भागात पुन्हा आले नाहीत. कुठल्या तरी घाटात एक टोळी धरल्याचं कानावर आलं. आमच्या गावात आलेली ती हीच का, हे कुणी सांगितलं नाही, आणि पुढे कुणी विचारलंही नाही. बुगड्या मिळाल्या नाहीत. पुढच्या रमजानला पाटील गिरणीत आले, त्याच पोत्यावर बसले आणि म्हणाले, "औंदा राहू द्या, चाचा. तुमाला तरास नको."

अब्बा "बरं" म्हणाले. पण मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं की चावडीतल्या त्या मागच्या आवाजापेक्षा हा "तरास नको" जास्त लागला असेल. त्या रात्री ते जेवले नाहीत.

तरीही चांद दिसला तेव्हा अब्बा चप्पल घालून बाहेर पडले. आधी पाटलांकडे, मग गस्तीवर ज्यांची पाळी होती त्या प्रत्येकाच्या दारात. "चांद दिसला. उद्या पहाटं आमी उठनार न्हाई," एवढंच सांगायचं आणि पुढच्या घरी जायचं. लोकांना अवघडल्यासारखं व्हायचं. कुणी हसून "बरं चाचा" म्हणायचं, कुणी विषय बदलायचं. सगळ्यांत शेवटी ते मळ्यात काकींकडे जायचे. लेकीनं नांद्याला बोलावलं तरी काकी गेल्या नाहीत, एकट्याच त्या घरात राहिल्या. भिंत मात्र विटांची करून घेतली. आम्हा पोरांना ईदीची मिठी मारायच्या आधी अब्बांचं हे काम असायचं. आम्ही खोळंबून उभे राहायचो. मला त्याचा संताप यायचा. जे गाव दारात पोरं बसवून तुमच्यावर पाळत ठेवतं, त्याला तुम्ही कसला निरोप द्यायला जाता, असं मी एकदा बोललेही. ते म्हणाले, "सांगायचं ऱ्हायलं हुतं न्हवं का एकदा."

दोन-तीन वर्षांनी गस्त बंद झाली. रूळ शाळेत परत गेला. दारं पुन्हा उघडी राहायला लागली. अब्बांना आता सांगायचं असं कुणी उरलं नाही, तरी ते दर ईदीला मळ्यात जात राहिले. माझं लग्न झालं, भाऊ पिंपरीला कारखान्यात लागला, गिरणीत वीज आली. रमजान मागे मागे सरकत पावसाळा ओलांडून भर उन्हाळ्यात येऊन पोचला. पाटील गेले, काकींचे केस पिकले. कान झाकून पदर घ्यायची त्यांची सवय मात्र कधी सुटली नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी पोरांना घेऊन ईदीला माहेरी आले होते. चांद दिसला आणि अंगणात आरडाओरडा झाला. अब्बांचे गुडघे गेले होते, तरी त्यांनी काठी उचलली. अम्मा म्हणाली, "आता तरी राहू द्या." ते थांबले नाहीत. मी बॅटरी घेऊन सोबत गेले. ओढ्याला पाणी नव्हतं, दगडांवरून त्यांना हात धरून उतरवावं लागलं.

काकी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. अब्बा पायरीशी थांबले. इतक्या वर्षांत ते कधी वर चढले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

"वहिनी, चांद दिसला."

"दिसला का? बरं झालं."

"उद्या पहाटं आमी उठनार न्हाई."

"झोपा तुमी निवांत," काकी म्हणाल्या. "मी जागीच असते."

अब्बांना वाटलं असावं की त्या उद्यापुरतं बोलतायत. मलाही तसंच वाटलं. मी म्हणाले, "कशाला जागताय काकी, आता कुठं राहिलं तसलं काही."

त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "मालक गेल्यापासनं पहाटंला डोळा लागला न्हाई माझा. एकदा लागला हुता, तेवढा लई झाला." त्या हे रडून बोलल्या नाहीत. गुडघे दुखतात हे सांगावं, तसं सांगितलं.

अब्बा काठीवर वाकले. मग त्यांनी विचारलं, "मग वहिनी, इतकी वर्सं मला सांगायला येऊ का दिलंत?"

"तुमाला सांगायची गरज हुती, म्हून."

अब्बा पायरी चढले आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. काकींनी सूप थोडं त्यांच्याकडे सरकवलं. दोघंही तांदूळ निवडायला लागली. घरी पोरं ईदीच्या मिठीसाठी खोळंबली होती, पण अब्बांना उठवायचा धीर मला झाला नाही.